बेटावरून येणारी टोपली

मिलिमीटरराव बेटवाल्यांचे मासे खातात, असं लोक म्हणायचे. नुसते खातात असं नव्हे. खाऊन झाल्यावर नकाशात ते बेट जागच्या जागी धरून ठेवतात, असंही म्हणायचे. पुरावा? पुरावा दर महिन्याला सकाळच्या पहिल्या बोटीनं यायचा. वेताची टोपली, वर ओलं फडकं, खाली टपटप पाणी. नावाडी ती धक्क्यावरून थेट मिलिमीटररावांच्या दारापर्यंत आणायचा आणि पायऱ्यांवर थेंबांची अशी रांग लागायची, की माल कुठल्या मजल्यावर गेला हे आंधळ्यालाही कळावं. मग दार बंद. आणि बंद दाराआड तासभर नवरा-बायकोच्या येरझाऱ्या आणि खिदळणं.

आता लग्नाला तीस वर्षं झालेला माणूस भरदिवसा दार लावून बायकोबरोबर हसतो, याला खाण्याशिवाय दुसरं कारण असूच शकत नाही, यावर अख्ख्या इमारतीचं एकमत होतं. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई तर छातीठोक सांगायच्या, "कोळंबीच असणार. वास येतो ना!"

"कसला वास हो?"

"खारट."

समुद्रकाठच्या गावात खारट वास कशाला येत नाही? पण अफवेला नाक असतं, डोकं नसतं.

तर आधी हा माणूस कोण, ते बघू. मिलिमीटरराव किनारा मोजणाऱ्या सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. नाव त्यांना मेहुणीनं ठेवलं. सासरी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा जेवण बाजूला राहिलं आणि हे भिंतीकडेच बघत बसले. सासऱ्यांनी विचारलं, "काय झालं जावईबापू?" तर म्हणाले, "तुमचा फोटो चार मिलिमीटर डावीकडे कललाय." मेहुणीनं उठून पट्टी आणली. मोजलं. चारच. त्या दिवसापासून सासरी मिलिमीटर, वर्षभरात कचेरीत मिलिमीटर, आणि पुढे वय झालं म्हणून लोकांनी मानानं 'राव' जोडला, एवढंच.

त्यांची नकाशाखोली तिसऱ्या मजल्यावर. खिडक्या समुद्राकडे, पण बाराही महिने बंद, कारण वारा आला की कागद उठतात. भिंतीला लागून पत्र्याचे रुंद, चपटे खण, प्रत्येकात दहा-बारा जुने नकाशे निजलेले. मधोमध तिरपं टेबल. त्यावर मिलिमीटररावांच्या पेन्सिली टोकानुसार रांगेत, आणि पेन्सिलीचं टोक घासायचा काचकागद उजव्या हाताला, काटकोनात. शिपाई झाडताना मुद्दाम तो काचकागद थोडा तिरका करून ठेवायचा आणि दाराआडून बघत राहायचा. मिलिमीटरराव आले की आधी काचकागद सरळ करायचे, मग टोपी काढायची. रोजचा खेळ होता. शिपायाची करमणूक आणि यांची कवायत.

गावासमोर समुद्रात ते बेट. लांबच लांब आणि चिंचोळं, किनाऱ्याला समांतर कोणी जाड पेन्सिलीनं रेघ ओढावी तसं. सगळी वाळू. घरातल्या थोरल्या सुनेसारखं त्याचं आयुष्य: बाहेरच्यांची सगळी बोलणी तिनं खायची आणि आत बसलेल्यांनी म्हणायचं, आमच्याकडे बाई कसं शांत असतं! मोठ्या लाटा त्या बेटावर फुटायच्या म्हणून अलीकडचं पाणी थाळीत ठेवल्यासारखं निवांत. बेटावर चौसष्ट घरं, एका खोलीची शाळा आणि एक दगडी विहीर.

पण वाळूचं बेट एका जागी बसत नाही. समोरची वाळू लाटा उचलतात, वरून वाहून मागच्या बाजूला टाकतात. झोपेत कुशीवर वळत वळत माणूस पलंगाच्या कडेला येतो, तसं बेट हळूहळू किनाऱ्याकडे सरकतं. किती हळूहळू, हाच सगळा प्रश्न होता.

कारण वरून एक पत्र आलं. अशा बेटांवर समुद्र वर्षाला सरासरी दोन मीटरपेक्षा जास्त आत येत असेल, तर तिथं वस्ती ठेवायची नाही. माणसं इकडे किनाऱ्यावर पत्र्याच्या खोल्यांत हलवायची, शाळा बंद, बोटीचा धक्का बंद. जुना नकाशा आणि नवा नकाशा ताडून पाहा आणि पंधरा दिवसांत कळवा.

काम आलं मिलिमीटररावांकडे. दुसऱ्या कोणाकडे जाणार? साठ वर्षांपूर्वीचा नकाशा त्यांचा लाडका. तीस वर्षांपूर्वी, नोकरीला नवे लागले तेव्हा, तो घड्यांवर फाटत होता म्हणून त्यांनीच तो जाड सुती कापडावर चिकटवून वाचवला होता. खळ स्वतः शिजवली होती, कागद स्वतः ओला केला होता, हाताच्या तळव्यानं सुरकुती न सुरकुती काढली होती. त्या वेळच्या साहेबांनी पाठ थोपटली होती. अजून कोणी नवीन माणूस कचेरीत आला की मिलिमीटरराव हळूच तो खण उघडायचे आणि म्हणायचे, "हे बघा, एक बुडबुडा दाखवा."

त्यांनी दोन्ही नकाशे पुढ्यात घेतले. जुन्याच्या तळाशी छापलेली मापाची पट्टी आधी तपासली, कारण जुना कागद भरवशाचा नसतो हे त्यांना माहीत होतं. पट्टी बरोबर निघाली, केसभरही फरक नाही. मग किनाऱ्यावरच्या दीपगृहापासून बेटाच्या समुद्राकडच्या कडेपर्यंत दोन्ही नकाशांवर अंतर घेतलं. साठ वर्षांत समुद्र एकशे अडुसष्ट मीटर आत आला होता. म्हणजे वर्षाला पावणेतीन मीटरच्याही वर.

साहेब म्हणाले, "नक्की ना? चौसष्ट घरं आहेत."

"साहेब, एका मिलिमीटरची चूक निघाली तर मिशी काढून टाकीन."

आणि मिशी साधी नव्हती. दोन्ही बाजूंना सारखी, अर्थातच मोजून. साहेबांनी सही केली, अहवाल वर गेला. नकाशाखोलीचं मुख्यपद रिकामं होतं, ते आता मिलिमीटररावांचंच, असं शिपायानं परस्पर जाहीर करून टाकलं.

आठवड्याभरानं मिलिमीटरराव बेटावर गेले. हुकूम यायच्या आधीची तयारी म्हणून हातात लाल रंगाचा डबा आणि ब्रश. समुद्राच्या सगळ्यात जवळची घरं आधी हलवायची होती, त्यांच्या दारांवर खूण करायची. विहिरीजवळ एक बाई उंबऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसली होती. सगळं बेट तिला मावशी म्हणायचं, तिच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा.

"काय हो, रंगारी का?" तिनं मान वर न करता विचारलं.

"मोजणी कचेरीचा आहे."

"मग डबा कशाला?"

"कुठली घरं आधी जाणार त्यांवर खूण करायची आहे."

"अस्सं! म्हणजे आधी खूण आणि मग मोजणी. आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच वाटतं."

मिलिमीटररावांनी जुन्या नकाशाची घरून काढून आणलेली नक्कल उलगडली. विहीर त्यात होती, टाचणीच्या डोक्याएवढं वर्तुळ. नव्या नकाशात नव्हती. तो विमानातून काढलेल्या फोटोंवरून केलेला, आणि विहिरीवर झाडाची गर्द सावली. साठ वर्षांपूर्वी विहिरीपासून समुद्र एकशे त्र्याऐंशी मीटर. त्यातून एकशे अडुसष्ट गेले. म्हणजे विहिरीपासून पंधरा मीटरवर पाणी असायला हवं.

त्यांनी पंधरा मीटर टेप सोडली. टेपचं टोक एका कोंबडीपाशी पोचलं. कोंबडीनं टेपकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि निघून गेली. समुद्र कुठंच नव्हता. ते चालत राहिले, टेप पुन्हा पुन्हा लावत, आणि भरतीनं आणून टाकलेल्या काडीकचऱ्याच्या रेघेपाशी पोचले तेव्हा आकडा होता एकशे पस्तीस.

परत आले. पुन्हा मोजलं. एकशे पस्तीस. तिसऱ्यांदा मोजलं.

"भाऊ, त्या टेपवर राग काढू नका," मावशी म्हणाली.

"टेप बिघडलीय."

"टेप बिघडली की समुद्र बिघडला? थांबा, माझ्या दोरीनं बघा."

तिनं घरातून बादली आणली. बादलीत पाणी, पाण्यात गुंडाळलेली जाड सुती दोरी, हाताहातावर गाठी. "सासूबाईंची. दर वर्षी विहिरीपासून भरतीच्या रेघेपर्यंत मोजायच्या. त्यांचा माझ्यावरच विश्वास नव्हता, समुद्रावर कुठून असणार? आता मी मोजते."

"पाण्यात का ठेवलीय?"

"गाठी मारल्या तेव्हा ओली होती, म्हणून मोजायचं तेही ओल्यानंच. भिजली की आखडते, वाळली की लांबते."

"दोरी भिजली की फुगते ना? मग आखडेल कशी?"

मावशीनं जाळं खाली ठेवलं. शिकलेल्या माणसाला काही समजावायची संधी रोज येत नाही. "जाडीला फुगते आणि लांबीला आखडते. सगळ्या बाजूंनी सारखी बदलते अशी वस्तू दाखवा मला. माणूससुद्धा म्हातारपणी उंचीला घटतो आणि पोटाला वाढतो." आणि तिनं मिलिमीटररावांच्या पोटाकडे पाहिलं.

त्यांनीही पाहिलं. आणि तिथंच, विहिरीच्या कठड्याला टेकून, ते खालीच बसले.

त्यांना ती खळीची बादली आठवली. तीस वर्षांपूर्वी ओला केलेला कागद. कागदही ओला झाला की सगळीकडून सारखा फुगत नाही; त्याच्या तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो. तसा वाढलेला असतानाच त्यांनी तो कापडावर घट्ट बसवला होता, आणि वाळल्यावर कापडानं त्याला परत आखडू दिलं नाही. तळाची मापाची पट्टी होती किनाऱ्याला समांतर, म्हणजे ज्या दिशेला कागद वाढला नाही त्या दिशेला. ती खरं बोलत होती. आणि दीपगृहापासून बेटाकडचं अंतर होतं बरोबर दुसऱ्या दिशेला. ज्या नकाशाला त्यांनी मरणातून वाचवलं होतं, त्याला त्यांच्याच तळहातांनी खोटं बोलायला शिकवलं होतं. एक बुडबुडा दाखवा म्हणे!

"भाऊ, पाणी देऊ?" मावशीचा सूर आता बदलला होता.

"द्या," मिलिमीटरराव म्हणाले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी लाल डबा उघडला. कोणत्याच दारावर गेले नाहीत. विहिरीच्या दगडावर, समुद्राच्या बाजूला, एक बोटभर लाल रेघ ओढली. "पुढच्या वेळी इथून मोजा. दर वेळी इथूनच."

कचेरीत येऊन त्यांनी तळाच्या खणातून साठ वर्षांपूर्वीच्या मोजणीची वही काढली. दीपगृहापासून विहिरीपर्यंतचं अंतर त्या वेळच्या माणसानं आकड्यात लिहून ठेवलं होतं. जुन्या नकाशावर तेच अंतर मोजलं तर बारा मिलिमीटर जास्त भरलं. त्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर. बारा मिलिमीटर म्हणजे एकशे वीस मीटर. समुद्र आत आला होता तो एकशे अडुसष्ट नव्हे, अठ्ठेचाळीस. वर्षाला एक मीटरही नाही.

आणि अहवाल तर वर जाऊन बसला होता. तीन दिवसांत हुकूम निघणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी आरशासमोर नवऱ्याला पाहिलं आणि हातातला कप तसाच राहिला.

"अहो! हे काय? नाटकात काम मिळालं का?"

"चूक झाली माझी. बारा मिलिमीटर."

वहिनींनी दोन घटका त्या उघड्या ओठाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी तो पाहिलाच नव्हता. मग म्हणाल्या, "बरं दिसतंय. आता जा आणि सांगून या. उशीर करू नका, तिकडे माणसं आहेत."

कचेरीत शिपायानं त्यांना नकाशाखोलीच्या दारातच अडवलं. "बाहेर बसा, साहेब कामात आहेत." मग काचकागद सरळ करायला वळलेला तो हात पाहून त्याला ओळख पटली, आणि त्या दिवसापासून त्यानं काचकागद कधी तिरका केला नाही. म्हणजे आठवडाभर तरी.

साहेबांनी मान वर केली. "कोण हवंय?"

"साहेब, मीच."

साहेबांनी ओठाकडे बघितलं. मिशीची पैज त्यांना आठवत होती. हळू आवाजात विचारलं, "किती?"

"बारा."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "अहवाल परत मागवायचा म्हणजे त्यावर माझीही सही आहे, कळतंय ना?"

"म्हणूनच चुकीचा खुलासा वेगळ्या कागदावर आणलाय. त्याखाली फक्त माझी सही आहे."

"आणि मुख्यपद? हा कागद गेल्यावर ते तुम्हाला मिळणार नाही."

"नाही मिळालं तर मीच खणाला कुलूप लावेन, साहेब, आत्ता लावतो तसंच. त्यात काय बदल होणार? तिकडे मात्र चौसष्ट चुली आहेत."

साहेब उठले आणि तो कागद स्वतः हातानं पाकिटात घातला. वरती मग तो आणखी कोणी वाचला, कोणाला राग आला, कोण हसलं, ते आपल्याला कळायचं नाही. इतकं कळलं, की हुकूम निघाला नाही. समुद्राकडची पुढची नऊ घरं बेटाच्याच मागच्या बाजूला हलवली, बाकीची राहिली. शाळेवर नवं छप्पर चढलं. मुख्यपद दुसऱ्याला मिळालं, त्यानं पहिल्याच दिवशी मिलिमीटररावांना विचारलं, "यातलं मला काय येतं? तुम्ही सांगा तसं करू." आणि निवृत्तीपर्यंत तसंच चाललं.

पण वरच्यांनी एक अट घातली होती. बेट किती सरकतंय याची नियमित मोजणी पाठवत राहायची. ती थांबली तर वस्ती हलवण्याचा विषय पुन्हा निघेल. आणि एकदा चुकलेल्या माणसाला दर महिन्याला बोट देणार कोण? कचेरीनं हात वर केले. मिलिमीटरराव सुट्टीच्या दिवशी, पदरमोड करून, मावशीला हे सांगायला गेले. मान खाली घालूनच गेले.

"मिशी कुठे गेली?" मावशीनं पहिलं हेच विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. ऐकून ती हसली नाही. ती हसली नाही, हे त्यांनी पुढे कित्येकदा बायकोला सांगितलं. म्हणाली, "तुम्ही नसतं सांगितलं तर आम्हाला कुठून कळणार होतं? बसा. चहा घ्या. बोट नसेना का, मोजणी मी पाठवते."

"आकडा कोणाकडून तरी सांगून पाठवा, मी लिहून घेईन."

"आकडा नको. बोटीत आठ माणसं असतात. इकडून निघालेला आकडा धक्क्यावर पोचेपर्यंत बाळसं धरतो." मग ती काय पाठवणार ते तिनं सांगितलं, आणि मिशी काढल्यापासून मिलिमीटरराव पहिल्यांदा हसले.

पुढच्या महिन्यापासून टोपली सुरू झाली. आठ वर्षं. पावसाळ्यात बोट बंद असायची तेवढे दिवस सोडले तर एकही महिना चुकला नाही. एकदा मावशी तापानं आजारी होती, तेव्हाही टोपली आली. सुनेनं पाठवली होती, आणि सोबत निरोप: सासूबाईंनी पलंगावरून ओरडून ओरडून करून घेतलं, तुम्ही त्यांना काही सांगा.

गावात काय बोललं जातं, ते मिलिमीटररावांच्या कानावर होतं. एकदा ते वैतागून म्हणाले, "उद्या खाली जाऊन सगळ्यांना खरं सांगून टाकतो."

"मुळीच नाही!" वहिनी म्हणाल्या. "तीस वर्षं आपल्याबद्दल कोणी चकार शब्द बोलत नव्हतं. आत्ता कुठे जरा बरं चाललंय."

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी एक शेवटचा नकाशा काढला. त्यात बेटाची समुद्राकडची कड एका रेघेत नव्हती; वर्षाची एक, अशा आठ बारीक रेघा, एकीच्या मागे एक, कुठे चिकटून, एका वादळी वर्षात जरा लांब. कापडावर नाही चिकटवला. सपाट खणात ठेवला. नकाशाच्या कोपऱ्यात मोजणी कोणी केली ते छापायची पद्धत असते. तिथं मिलिमीटररावांनी लिहिलं: 'मोजणी: विहिरीजवळची जाळेवाली मावशी.'

नवे साहेब म्हणाले, "ही काय पदवी आहे?"

"पदवी नाही साहेब, पत्ता आहे. कोणाला खात्री करायची असेल तर जाऊन विचारता येईल."

तसंच छापलं गेलं. एक प्रत बेटावरच्या शाळेत लावली. मावशीला वाचता येत नव्हतं, पण विहीर तिनं क्षणात शोधली. त्यावर बोट ठेवलं, मान तिरकी केली आणि म्हणाली, "भाऊ, विहीर जरा डावीकडे हवी होती." मिलिमीटररावांनी तिथंच खिशातून पट्टी काढली. सगळी शाळा हसत सुटली तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

निरोपसमारंभात त्यांना बोलायला लावलं. त्यांना भाषण येत नव्हतं. म्हणाले, "सगळ्यांचे आभार. साहेबांचे, कारण त्यांनी तो कागद टोपलीत टाकला नाही, पाकिटात टाकला. शिपायाचे, त्यानं मला रोज काहीतरी सरळ करायला दिलं. घरचे तर... ते घरीच मानतो. आणि बेटावरच्या मावशीचे, कारण त्या दिवशी दोरी बादलीत नसती, तर मी लाल डबा घेऊन चौसष्ट दारं फिरलो असतो, आणि मला आयुष्यभर कळलंही नसतं." मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, "मासे, मासे!" हशा पिकला. मिलिमीटररावांनी समोर बसलेल्या बायकोकडे पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली. ते खाली बसले.

आता दोघंही नाहीत, तेव्हा वहिनींच्या हुकमाची भीती नाही. टोपलीत मासे कधीच नव्हते. मिलिमीटररावांना मासे सोसत नसत. खाल्ले की अंगावर पित्त उठे. टोपलीत दोरीचा गुंडा असायचा, विहिरीच्या लाल रेघेपासून भरतीच्या रेघेपर्यंत धरून तिथंच गाठ मारलेली, आणि ती वाटेत वाळून लांबू नये म्हणून वर ओलं फडकं. खोलीत ती दोन खिळ्यांमध्ये मागेपुढे गुंडाळून मोजत. एक खिळा खिडकीजवळ होता आणि दुसरा दारावरच, म्हणून दार लावावं लागे. मोजून झाली की पुढच्या बोटीनं परत जाई. हसण्याचं कारण इतकंच, की दोरीचं गार पाणी दर वेळी वहिनींच्या बाहीत शिरायचं.